फळ्या ठोकण्याआधी

मार्च २०२१ मध्ये मिनियापोलिस शहरातली हेनेपिन काउंटीची न्यायालयीन इमारत वेढा पडलेल्या गढीसारखी दिसत होती. सभोवती काँक्रीटचे अडथळे, जाळीचे उंच कुंपण, कुंपणावर धारदार तारांची वेटोळी, आणि आत डेरेक शॉविन या बडतर्फ पोलीस अधिकाऱ्यावर जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येचा खटला. बाहेर दुकानदार आपापल्या काचांवर प्लायवूडच्या फळ्या ठोकून घेत होते, आणि निकाल जवळ आला तसे नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे तीन हजारांवर जवान तैनात झाले. निकालानंतर लोक शांत राहतील का, हा प्रश्न त्या दिवसांत पुन्हा पुन्हा विचारला जात होता.

हा प्रश्न चुकीच्या माणसांना विचारला जातो, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. पोलिसाविरुद्धच्या गाजलेल्या खटल्याचा निकाल लागल्यावर शहर पेटेल की नाही, हे बहुतांशी निकालाच्या दिवशी ठरत नाही. ते त्याआधीच्या वर्ष-दोन वर्षांत ठरत आलेले असते : घटनेनंतर पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनात, कपाटात बंद राहिलेल्या चित्रफितीत, खटला कोणत्या गावी चालवायचा या निर्णयात, आणि कायदा ज्यूरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाला, नेमके काय विचारतो हे लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी कुणीच न उचलण्यात. बंदोबस्ताची गरज मी नाकारत नाही. पण ज्या शासनयंत्रणेने लोकांशी वर्षभर मौन पाळले, तिने अखेरच्या आठवड्यात त्यांच्याकडे संयमाची मागणी करावी, यात मला न्याय दिसत नाही.

मायामीचे उदाहरण आज फारसे कुणाला आठवत नाही. आर्थर मॅकडफी हे कृष्णवर्णीय विमा प्रतिनिधी आणि मरीन दलातले माजी सैनिक होते. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांच्या मोटारसायकलचा पाठलाग करून पोलिसांनी त्यांना इतके मारले की काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला, आणि मग तो अपघात भासावा असा बनाव रचला गेला. बनाव उघडकीस आला, आरोप ठेवले गेले, पण खटला मायामीतून टँपाला हलवण्यात आला. तेथील सहा जणांच्या ज्यूरीत सहाही गोरे पुरुष होते. १७ मे १९८० रोजी तीन तासांपेक्षाही कमी वेळ विचारविनिमय करून त्यांनी आरोपींना निर्दोष सोडले. त्या रात्री मायामीतली लिबर्टी सिटी ही कृष्णवर्णीय वस्ती पेटली आणि दंगलीत अठरा माणसे मेली. त्यांत मोटारीतून ओढून मारलेले, या प्रकरणाशी कसलाही संबंध नसलेले गोरे नागरिकही होते.

बारा वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये जवळपास हेच घडले, आणि ते अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. ३ मार्च १९९१ च्या रात्री रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण समोरच्या इमारतीच्या सज्जातून एका रहिवाशाने चित्रित केली. जमिनीवर पडलेल्या माणसावर पन्नासहून अधिक वेळा दंडुका पडताना साऱ्या देशाने पाहिला. ज्याने ते पाहिले त्याच्या लेखी खटल्याची गरजच उरली नव्हती. पण दूरचित्रवाणीवर फिरणाऱ्या त्या तुकड्यातून सुरुवातीचे काही सेकंद बहुधा वगळले जात, आणि त्या सेकंदांत किंग उठून एका पोलिसाच्या दिशेने झेपावताना दिसतात. ज्यूरीने ते सेकंदही पाहिले. शिवाय बचाव पक्षाने ती चित्रफीत संथ गतीने, चित्रामागून चित्र थांबवत दाखवली आणि प्रत्येक थांब्यावर प्रशिक्षणाच्या पुस्तकातली भाषा चढवली : इथे त्याचा पाय हलतो आहे, इथे तो उठण्याच्या बेतात आहे, इथे बळाची पायरी एका अंशाने वाढवणे नियमाला धरून आहे. सलग पाहताना जी मारहाण दिसते, ती असे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यात एकेक सुटा निर्णय होऊन बसते. मला ही बचावाची रीत पटत नाही, कारण मार खाणाऱ्याला तो तुकड्यातुकड्यांनी बसत नाही. पण ती न्यायालयात उघडपणे मांडली गेली होती. लोकांनी पाहिलेला पुरावा एक आणि ज्यूरीने पाहिलेला पुरावा दुसरा, अशी फारकत खटला संपेपर्यंत वाढत गेली, आणि ती सांधण्याचे काम कुणाचेच नव्हते.

त्यात खटला लॉस एंजेलिसबाहेर व्हेंचुरा काउंटीतल्या सिमी व्हॅली येथे हलवलेला. बहुसंख्य गोऱ्या वस्तीच्या त्या उपनगरात निवडलेल्या बारा जणांच्या ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. प्रसिद्धीमुळे स्थानिक ज्यूरीचे मन कलुषित होईल, हे खटला हलवण्यामागचे कारण कायद्याच्या दृष्टीने खरेच असू शकते. पण ज्या शहराच्या रस्त्यावर हे घडले त्या शहराला निवाड्याच्या खोलीत आपला एकही चेहरा दिसू नये, याचा अर्थ शहर काय लावील, याचा विचार कायद्याने केला नाही तरी कारभाऱ्यांनी करायला हवा होता. शिवाय किंग यांच्या मारहाणीनंतर अवघ्या तेरा दिवसांनी लटाशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी एका दुकानात डोक्यात गोळी लागून मेली होती. गोळी झाडणाऱ्या कोरियन वंशाच्या दुकानदारीण बाईला ज्यूरीने दोषी ठरवले, पण न्यायाधीशांनी तुरुंगवास न देता तिला नोव्हेंबर १९९१ मध्ये परिवीक्षेवर सोडले. २९ एप्रिल १९९२ च्या दुपारी सिमी व्हॅलीच्या ज्यूरीचा, पोलिसांपैकी कुणालाही दोषी न ठरवणारा निकाल आला तेव्हा दक्षिण लॉस एंजेलिसने तो या आधीच्या निकालाशेजारी ठेवूनच वाचला.

पुढच्या सहा दिवसांत साठांच्या आसपास माणसे मेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि सुमारे एक अब्ज डॉलरची मालमत्ता गेली. कोरियन वंशाच्या लोकांची दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली किंवा जाळली गेली. त्या समाजात आजही या घटनेला ‘सा-इ-गू’ म्हणतात, म्हणजे नुसती तारीख, चार-दोन-नऊ. ज्यांनी ती दुकाने जाळली त्यांचा राग खरा होता, तरी त्यांनी केले ते अन्यायच होते, आणि रागाचे कारण समजावून सांगताना ही गोष्ट खालच्या आवाजात बोलण्याची सवय मला मान्य नाही. आयुष्यभराची कमाई एका रात्रीत राख झालेल्या त्या दुकानदाराने किंग यांच्यावर दंडुका चालवला नव्हता, की सिमी व्हॅलीच्या त्या खोलीत बसून मतही दिले नव्हते.

पण त्या दुकानदाराच्या वाट्याला आलेल्या हानीचा हिशेब जमावापाशी थांबत नाही. निकाल जाहीर झाल्यावर फ्लॉरेन्स आणि नॉर्मंडी या रस्त्यांच्या चौकात जमाव वाढला तेव्हा पोलीस तेथून मागे हटले आणि बराच काळ परत आले नाहीत. पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स त्या संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका निधिसंकलनाच्या कार्यक्रमाला गेले होते. महापौर टॉम ब्रॅडली आणि गेट्स यांच्यातला संवाद वर्षभरापासून जवळपास तुटलेलाच होता. विल्यम वेबस्टर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिलेल्या अहवालात पोलीस दलाच्या पूर्वतयारीच्या अभावावर ठपका ठेवला. म्हणजे लोकांशी बोलणे झाले नाही, आणि लोकांचे रक्षणही झाले नाही.

इथे अमेरिकी कायद्याच्या दोन-तीन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात, कारण निकालानंतरच्या संतापाची बरीचशी मुळे त्यांत आहेत. पहिली अशी की ज्यूरीचा निकाल दोषी किंवा निर्दोष एवढाच असतो. कारणे देण्याचे बंधन तिच्यावर नसते. आठवडेच्या आठवडे साक्षी चालतात, हजारो पानांची नोंद होते, आणि अखेरीस लोकांच्या हाती पडतो एखादा शब्द. दुसरी अशी की निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला अपील करता येत नाही. ज्या नातेवाइकांना वाटते की निकाल चुकला, त्यांच्यापुढे त्या राज्याच्या न्यायालयात फौजदारी कारवाईची कोणतीही पायरी उरत नाही, आणि ही बाब अनेकांना पहिल्यांदा कळते ती निकालाच्याच संध्याकाळी. तिसरी गोष्ट बळाच्या वापराच्या मोजमापाची. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर या प्रकरणात असा निकष घातला की पोलिसाने वापरलेले बळ वाजवी होते का, हे त्या क्षणी त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने पाहावे, मागाहून सारे कळल्यावरच्या शहाणपणाने नव्हे. मुळात दिवाणी दाव्यातला हा निकष फौजदारी खटल्यांवरही आपली छाप पाडत आला आहे. सामान्य माणूस विचारतो, हे मरण टाळता आले असते की नाही? कायदा मात्र विचारतो की त्या पोलिसाला त्या क्षणी जे वाटले ते समंजस माणसाला वाटू शकले असते की नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, टाळता आले असते’ असे असूनही दुसऱ्याचे उत्तर पोलिसाच्या बाजूने जाऊ शकते, हे कुणीतरी खटला सुरू होण्याआधी चौकात येऊन सांगायला हवे. निकष बदलला पाहिजे असे मलाही वाटते. परंतु तो बदलावा म्हणून झगडायचे असेल तरी तो आहे तरी काय, हे आधी लोकांना ठाऊक असावे लागते.

ओकलंडमध्ये हे अंतर स्पष्ट दिसले. १ जानेवारी २००९ च्या पहाटे फ्रूटव्हेल रेल्वे स्थानकाच्या फलाटावर पालथ्या पाडलेल्या ऑस्कर ग्रँट या बावीस वर्षांच्या तरुणाच्या पाठीत रेल्वे पोलीस योहानेस मेसर्ली याने गोळी झाडली. आपल्याला विजेचा झटका देणारे टेझर काढायचे होते, चुकून पिस्तूल हाती आले, असे त्याचे म्हणणे. हाही खटला हलवून लॉस एंजेलिसला नेला गेला. ज्यूरीपुढे खुनापासून हलगर्जीने घडलेल्या मनुष्यवधापर्यंतच्या पायऱ्या होत्या आणि ८ जुलै २०१० रोजी तिने सर्वांत खालची पायरी निवडली. शिक्षा दोन वर्षांची झाली, आणि निकालाला वर्ष पुरे व्हायच्या आत तो तुरुंगाबाहेर होता. ऑन-ड्यूटी पोलिसाला नागरिकाच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवणारा निकाल त्या काळी किती दुर्मिळ होता, हे वकिलांना कळत होते. रस्त्यावरच्या माणसाला कळत होते ते एवढेच की पालथ्या पडलेल्या मुलाच्या पाठीतल्या गोळीची किंमत दोन वर्षे ठरली. त्या संध्याकाळी काही दुकाने फुटली, सत्तरहून अधिक जणांना अटक झाली. तरी शहराने ज्याची धास्ती घेतली होती त्या मानाने ते थोडके होते, आणि जमलेल्यांपैकी बहुतेक शांतपणेच उभे होते, हे सांगितलेच पाहिजे.

निकाल कधी वाचायचा हीसुद्धा साधी गोष्ट नाही. किंग प्रकरणातल्या चार पोलिसांवर पुढे नागरी हक्कभंगाचा केंद्रीय खटला चालला, तेव्हा त्याचा निकाल १७ एप्रिल १९९३ रोजी शनिवारी सकाळी सातला वाचण्यात आला. दोघे दोषी ठरले, पोलीस जागोजागी तैनात होते, शहर शांत राहिले. याउलट नोव्हेंबर २०१४ मध्ये फर्ग्युसनमध्ये, पोलिसाच्या गोळीने मेलेल्या मायकल ब्राउन या तरुणाच्या प्रकरणी, त्या पोलिसावर खटलाच भरायचा नाही हा ग्रँड ज्यूरीचा निर्णय सरकारी वकिलांनी जाहीर केला तो अंधार पडल्यावर, रात्री आठनंतर. राज्यपालांनी आठवडाभर आधीच आणीबाणी जाहीर केलेली होती, तरीही त्या रात्री डझनभर इमारती जळाल्या. वेळ निवडण्याने सगळे साधत नाही, पण चुकीच्या वेळेने बरेच बिघडते. त्याहून महत्त्वाचे, त्या केंद्रीय खटल्याची वाट १९९२ मध्येही उघडी होती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी देशाला उद्देशून केलेल्या भाषणात त्या वाटेकडे बोट दाखवले ते १ मे रोजी; तोवर आग लागून दोन दिवस लोटले होते. निर्दोष सुटका झालीच तर पुढे काय होऊ शकते, हे २९ एप्रिलच्या सकाळीच सांगायला काय हरकत होती?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. न्यायालयाने रस्त्याकडे पाहून निकाल द्यायचा नसतो; शहर पेटेल या भीतीने कुणा निरपराध्याला दोषी ठरवले गेले तर तो मूळ अन्यायाइतकाच मोठा अन्याय. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये, शॉविनचा खटला ज्यूरीकडे जायला दोनच दिवस उरले असताना, काँग्रेस सदस्य मॅक्सीन वॉटर्स यांनी निर्दोष सुटका झाल्यास आंदोलन अधिक आक्रमक करण्याची भाषा केली, ती मला बेजबाबदार वाटली. त्या भाषेने बचाव पक्षाला अपिलाचा मुद्दा मिळेल असे खुद्द न्यायाधीश पीटर केहिल यांनी बोलून दाखवले. आणि इमारतीभोवतीची ती तारांची वेटोळी? तीही अपिलात आली. असल्या तटबंदीतून रोज ये-जा करणाऱ्या ज्यूरीवर दडपण आले असणार, असा युक्तिवाद शॉविनच्या वकिलाने केला. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. पण म्हणून तो हास्यास्पद ठरत नाही. बंदोबस्ताचे दर्शन जितके उग्र, तितका निकाल भीतीपोटी आला या संशयाला वाव मोठा. ज्यूरीच्या खोलीला हात न लावता शहराची शांतता राखायची असेल तर उपाय त्या खोलीबाहेर आणि खूप आधी करावे लागतात.

शिकागोत काय झाले ते पाहा. २० ऑक्टोबर २०१४ रोजी लक्वान मॅकडोनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर पोलीस अधिकारी जेसन व्हॅन डाइक याने सोळा गोळ्या झाडल्या. मुलगा चाकू घेऊन अंगावर धावून आला, असे पोलिसांच्या बाजूने सांगण्यात आले. पोलीस गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीत तो दूर जाताना दिसत होता. दावा दाखल होण्याच्या आधीच शहराने कुटुंबाला पन्नास लाख डॉलर देण्याचे मंजूर केले, पण चित्रफीत मात्र न्यायालयाने आदेश देईपर्यंत, म्हणजे चारशे दिवस, लोकांपासून दूर ठेवली. ज्या दिवशी ती बाहेर आली त्याच दिवशी व्हॅन डाइकवर खुनाचा आरोप ठेवला गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो दोषी ठरला, तोवर साऱ्या शहराने पुन्हा श्वास रोखून धरला होता आणि निकालाच्या दुपारी कार्यालये लवकर बंद झाली होती. ती धास्ती न्यायालयाने निर्माण केली नव्हती. त्या चारशे दिवसांत शहराच्या कारभाऱ्यांनी आपली पत आपल्या हातांनी घालवली होती.

स्पष्टीकरण दिले की लोक समाधान पावतात, असे मात्र मी म्हणणार नाही. सेंट लुईसचे उदाहरण नेमके त्याच्या उलट आहे. तेथे एका माणसाला गोळ्या घालून मारल्याबद्दल जेसन स्टॉकली या माजी पोलिसाचा खटला ज्यूरीविना, एकट्या न्यायाधीशापुढे चालला आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांनी सविस्तर लेखी निकालपत्र देऊन त्याला निर्दोष ठरवले. शहरी भागातला हेरॉइन विकणारा माणूस बंदूक बाळगत नसेल तर तेच नवल, अशा आशयाचे आपल्या अनुभवावर आधारलेले वाक्य त्यात होते, आणि साक्षीपुराव्यापेक्षा त्याच वाक्याने लोक अधिक दुखावले. निदर्शने आठवडेच्या आठवडे चालली. त्यांतल्या एका रात्री निदर्शकांत साध्या वेषात मिसळलेल्या एका कृष्णवर्णीय पोलिसाला त्याच्याच सहकाऱ्यांनी निदर्शक समजून बेदम मारले. निकालावरचा लोकांचा संशय खरा की खोटा, याचे उत्तर त्या रात्री त्या दलातल्याच माणसाच्या अंगावर उमटले. तरीही लेखी कारणे असणे मला बरेच वाटते. त्या वाक्यावर बोट ठेवून लोकांना भांडता तरी आले; निव्वळ ‘निर्दोष’ या शब्दाशी काय भांडणार?

मिनियापोलिसला निकाल दोषी आला, म्हणून शहर शांत राहिले, हे खरेच आहे. उलट निकाल आला असता तर काय झाले असते हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण त्या खटल्यात मायामी, सिमी व्हॅली आणि ओकलंडपेक्षा वेगळ्या काही गोष्टी घडल्या. खटला हलवण्याची मागणी न्यायाधीशांनी नाकारली. त्याच काउंटीतून निवडलेल्या बारा जणांत सहा गोरे, चार कृष्णवर्णीय आणि दोन मिश्रवर्णीय होते. मिनेसोटात प्रथमच संपूर्ण फौजदारी खटला थेट प्रक्षेपित झाला, त्यामुळे ज्यूरीने जे ऐकले ते घरोघरी ऐकले गेले. फुप्फुसतज्ज्ञ डॉक्टर श्वासाची उकल करीत असताना कित्येक प्रेक्षकांचा हात नकळत आपल्या मानेशी गेला असेल. पोलीसप्रमुख मेडारिया आराडोंडो यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सांगितले की हे आमच्या दलाच्या धोरणात बसत नाही. आणि तरीही याच दलाने २५ मे २०२० च्या रात्री काढलेल्या पहिल्या निवेदनात पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने एकाचा मृत्यू झाला, एवढेच म्हटले होते. नऊ मिनिटे एकोणतीस सेकंद मानेवर दाबलेल्या गुडघ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. पदपथावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने आपला फोन धरून ठेवला नसता, तर कदाचित तेच निवेदन या प्रकरणातला अखेरचा शब्द ठरले असते.

त्या उन्हाळ्यात शहरभर दुकानांवर ठोकलेल्या फळ्यांवर लोकांनी चित्रे काढली, मेलेल्यांची नावे लिहिली, ‘मला श्वास घेता येत नाही’ असे शब्द रंगवले. दुकाने पुन्हा उघडली तेव्हा अशा शेकडो फळ्या शहरातल्याच काही लोकांनी उतरवून गोळा केल्या आणि गोदामांत जपून ठेवल्या. खटला उभा राहायला तेव्हा अजून बरेच महिने होते, आणि न्यायालयाभोवतीचे कुंपणही अजून उभे राहिलेले नव्हते.